चैत्रातला निळा हार

यंदा ब्लूबॉनेट लवकर आली. फाल्गुन अजून सरायचा होता, तोवर पश्चिमेकडे जाणाऱ्या हायवेच्या दोन्ही उतारांवर निळं पसरलं. हे टेक्ससचं राज्यफूल. वीतभर उंचीचं, दौतीतल्या शाईसारखं निळं, शेंड्याला पांढरं, आणि शेंगा अशा की आपल्याकडच्या बाईला पाहताक्षणी परसातल्या घेवड्याची आठवण व्हावी. एरवी इथला माणूस गाडीचा वेग कमी करायला राजी नसतो. पण ह्या फुलांसाठी तो गाडी कडेला घेतो, पोरांना इस्त्रीचे कपडे घालून फुलांत बसवतो आणि स्वतः गुडघे टेकून फोटो काढतो. माझ्या मुलानं, निखिलनंही परवा आपल्या लेकीला तसंच बसवलं. ईरा सात वर्षांची आहे. तिला मुंग्या चावत होत्या आणि ती "डॅड, हरी अप!" म्हणून ओरडत होती. माझे गुडघे आता उतारावर उतरू देत नाहीत, म्हणून मी काच खाली करून गाडीतच बसले होते.

एकट्या फुलाला वास असा नसतोच. अख्खा माळ फुलला की वाऱ्यावर मधासारखा वास येतो. तो आला आणि मी बसल्या जागी ऐंशीच्या दशकातल्या एका चैत्रात जाऊन पोचले. दर वर्षी पोचते. त्या चैत्रात मी माझी एकुलती एक मैत्रीण जवळजवळ गमावली होती, आणि ती माझ्याच हातानं ओवलेल्या एका हारापायी.

तेव्हा ह्यूस्टनला लागून असलेलं आमचं शुगर लँड आजच्याइतकं फुगलं नव्हतं. तेलाचे भाव कोसळले होते, ह्यूस्टनमध्ये घराघरांपुढे 'फॉर सेल'च्या पाट्या रोवलेल्या होत्या. आमचे हे पेट्रोलियम इंजिनियर. नोकरी टिकली, पण कंपनीनं ह्यांना पृथ्वीच्या पार पलीकडे, समुद्रातल्या विहिरींवर पाठवून दिलं. रविवारी सकाळी फोन यायचा. आपलाच आवाज आपल्याला पुन्हा ऐकू यायचा, त्यामुळे अर्धा वेळ "हॅलो, ऐकू येतंय का" ह्यातच जायचा. निखिल त्याच वर्षी ऑस्टिनला कॉलेजात गेला होता. चार बेडरूमचं घर आणि मी. रात्री डिशवॉशर घरघरायला लागला तरी कुणीतरी घरात आहे असं वाटून बरं वाटायचं. मी त्या दिवसांत फार एकटी होते. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही. सगळ्यांना "मजेत!" असंच सांगायचे.

रूथ आमच्या मागच्या कुंपणापलीकडे राहायची. सत्तरीला टेकलेली, विधवा, आयुष्यभर शाळेची बस चालवलेली. त्यामुळे आवाज असा की अंगणातून हाक मारली तर रस्ता ओलांडणारी पोरं थांबावीत. कुंपणाला एक लाकडी फाटक होतं. त्या फाटकातून ती मागच्या दारानं थेट स्वयंपाकघरात यायची, ओट्याजवळच्या उंच स्टुलावर बसायची आणि मी लाटत असलेली पोळी कच्चीच चाखून बघायची. पहिल्यांदा मी तिला पोह्यांचा डबा दिला, तो तिनं स्वच्छ धुऊन परत आणला. मी हसत सांगितलं, "आमच्यात डबा रिकामा परत देत नाहीत." तिला ती गोष्ट इतकी आवडली की त्यानंतर माझे डबे कधी मोकळे आले नाहीत. कधी अक्रोडासारखे पिकॅन, कधी तिच्या झाडाची अंजिरं, कधी मक्याचा पाव. माझे सहा डबे दोन घरांत सारखे फिरत असायचे.

तिला एकच मुलगा होता, टॉमी. एकदा पिकॅन फोडता फोडता तिनं सांगितलं, "माझा टॉमी एकोणीस वर्षांचा होता. तिकडे गेला तो." तिकडे म्हणताना तिनं हात असा केला, जणू ते युद्ध हायवेच्या पलीकडे झालं होतं. मी म्हणायचं ते म्हटलं, चहा टाकला, विषय बदलला. मला वाटलं, मी सभ्यपणे वागले. आता वाटतं, मी घाबरले होते.

ते व्हिएतनामचं युद्ध चालू होतं तेव्हाच आम्ही ह्या देशात आलो. हे पेनसिल्व्हेनियात, स्टेट कॉलेजला एम.एस. करत होते. भाड्याच्या अपार्टमेंटच्या खिडकीखालून मुलं पाट्या घेऊन, ओरडत जायची. निखिल माझ्या पोटात होता. त्या आरड्याओरड्यानं माझी दुपारची झोप मोडायची, माझी तक्रार एवढीच. मला ते ह्यांचं घरगुती भांडण वाटायचं. आपण पाहुणे, पाहुण्यांनी मध्ये तोंड घालू नये, असं मी आईला पत्रात लिहिल्याचंही आठवतं.

आणि ज्या अध्यक्षांच्या नावानं ती मुलं खडे फोडत होती, त्यांचाच फोटो आमच्या दिवाणखान्यात होता. मोठे कान, लांब नाक, कपाळावर नांगरल्यासारख्या आठ्या. खुद्द टेक्ससचा माणूस. त्यांनी एका कायद्यावर सही केली, आणि ज्या दारातून आपल्याकडची मूठभर माणसं आत यायची ते दार उघडलं. हे मासिकातून तो फोटो कापून, चौकट करून घेऊन आले. पुण्याहून आणलेला चंदनाचा हार त्याला घातला. कुणी पाहुणा आला की ह्यांचं कीर्तन सुरू. "म्हाताऱ्यांना दवाखाना, काळ्या लोकांना मत, गरिबाच्या पोरांना शाळा आणि आपल्याला व्हिसा! एका माणसानं केलं हे सगळं!" कुणी युद्धाचं नाव काढलं की म्हणायचे, "ती एक चूक झाली." भाजीत मीठ जास्त पडावं, तितक्या सहज.

मी ह्यांची चेष्टा करायचे, पण माझीही त्या फोटोवर श्रद्धा होती. बी.एस्सी. होऊन चाळीत भांडी घासत बसले असते, ती मी इथे एका लॅबमध्ये मायक्रोस्कोपपुढे बसले होते. आमच्या लेखी तो माणूस म्हणजे एक सही.

रूथनं तो फोटो कधी पाहिलाच नव्हता. दिवाणखाना पुढच्या बाजूला, पाहुण्यांपुरता उघडायचा. ती आपली मागच्या दाराची.

त्या वर्षी थंडीत तिच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. मीच गाडी चालवत नेलं. काउंटरवर तिनं ते म्हाताऱ्यांचं सरकारी कार्ड दाखवलं, सही केली आणि आम्ही बाहेर पडलो. मी आपली भाबडेपणानं म्हणाले, "ज्यानं हे सुरू केलं त्याचं भलं होवो." रूथनं कागदाची घडी घातली, पुन्हा घडी घातली, आणखी एक घातली. डोळ्यावर पट्टी होती, मला वाटलं दुखत असेल.

चैत्र लागला. घरात कुणी नाही तर निदान गौर तरी बसवू म्हटलं. सासूबाईंनी दिलेली पितळेची अन्नपूर्णा घासली, छोट्या झोपाळ्यात बसवली. मग हळदीकुंकू करायचं ठरवलं. डाळीसाठी, पन्ह्यासाठी कैऱ्या हव्यात. तेव्हा हिरव्यागार, दात आंबवणाऱ्या कैऱ्या मिळायच्या त्या ह्यूस्टनमधल्या एका व्हिएतनामी बाईच्या दुकानात. रूथ माझ्यासोबत आली होती. ती गाडीतून उतरली नाही. "तू जा हनी, मी बसते." उकडत होतं, काचा बंद होत्या, आणि मी कैऱ्या दाबून बघत निवांत वीस मिनिटं काढली. एवढं शिकलेली बाई मी, पण समोरचं दिसत नव्हतं.

येताना तिनं फुलांची कल्पना काढली. "तुझ्या देवीला आमची फुलं चालतील का?" हायवेवरची फुलं तोडणं गुन्हा आहे, असं इथे लहान पोरंसुद्धा सांगतात, म्हणून ती मला गावाबाहेर, तिच्या मावसभावाच्या कुरणात घेऊन गेली. नुकत्या उघडलेल्या डोळ्यानं ती निळ्यात वाकत होती आणि कात्रीनं एकेक दांडी कापून बादलीत ठेवत होती. म्हणाली, "किती वर्षांनी एवढं निळं दिसतंय." आम्ही दोघी त्या दिवशी खूप हसलो. मावसभावाच्या गाईनं माझी ओढणी चघळली होती.

गौरीपुढे फुलं मांडून झाली तरी बादलीत बरीच उरली. मला सुचलं, टेक्ससच्या माणसाला टेक्ससची फुलं. हळदीकुंकवाच्या दिवशी सकाळी बसून मी हार ओवला आणि स्टुलावर चढून फोटोला घातला. चंदनाच्या हारावर तो निळा हार असा उठून दिसला की मी खाली उतरून दोन पावलं मागे जाऊन बघत राहिले.

दुपारी बारा-पंधरा जणी आल्या. आमच्यातल्या सगळ्यांत ज्येष्ठ कुलकर्णी काकू डाळीला फोडणी घालता घालता मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "अगं, त्या शेजारणीला इन्व्हाइट केलंयस म्हणे? तिचा नवरा नाही ना?"

"काकू," मी म्हटलं, "ह्या वर्षी इथे कुणाचा नवरा घरी आहे?"

तेलाच्या मंदीनं सगळ्यांचेच नवरे देशोधडीला लागले होते. काकू हसल्या आणि परत फोडणीकडे वळल्या.

रूथ पहिल्यांदाच पुढच्या दारानं आली. चर्चला घालायची निळी हॅट, लिपस्टिक. मी तिला हळदीकुंकू लावलं, तिनं कपाळ पुढे केलं. भिजवलेल्या हरभऱ्यांनी तिची ओटी भरली, ती तिनं रुमालात घेतली. मग मी तिला गौरीची गोष्ट सांगितली, "ही आमची मुलगी. चैत्रात महिनाभर माहेरी येते. आम्ही तिला झोका देतो, तिच्या आवडीचं खायला करतो. अक्षय्य तृतीयेला ती सासरी जाते."

"आणि पुढच्या वर्षी पुन्हा येते?"

"दर वर्षी."

"नशीबवान आहे तिची आई," रूथ म्हणाली. तिनं पन्ह्याचा ग्लास उचलला आणि वळली. समोर भिंत होती.

ती किती वेळ उभी होती कोण जाणे. मी दुसऱ्या कुणाला अत्तर लावत होते. जवळ गेले तेव्हा तिच्या ओठांवर हसू तसंच होतं, आवरायचं राहून गेलेलं.

"ही मी कापलेली फुलं आहेत," ती म्हणाली.

"हो ना! छान दिसतंय ना? ह्याच्यामुळे तर आम्ही इथे आलो."

तिनं ग्लास टेबलावर ठेवला. टेबलाला डाग पडू नये म्हणून खाली कागदी रुमाल ठेवायलाही ती विसरली नाही. "टॉमीला ह्यानंच पाठवलं, हनी," ती म्हणाली आणि कपाळावर कुंकू तसंच घेऊन पुढच्या दारानं निघून गेली.

"काय झालं गं?" कुणीतरी विचारलं.

"काही नाही, तिला बरं वाटत नाहीये," मी म्हटलं. माझे कान लाल झाले होते. बायका डाळीची तारीफ करत राहिल्या, मी "अजून घ्या ना" म्हणत राहिले. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला त्या दिवशी खरोखर वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी डाळीचा डबा तिच्या मागच्या पायरीवर ठेवून आले. दोन दिवसांनी तो माझ्या पायरीवर होता. धुतलेला, पुसलेला, रिकामा.

तो रिकामा डबा हातात घेऊन मी स्वयंपाकघरात उभी राहिले आणि हमसून हमसून रडले. एवढी तर आई गेल्याची तार आली तेव्हाही रडले नव्हते.

रविवारी ह्यांना फोनवर सांगितलं. "अहो, फोटो काढते मी."

खरखरीतून ह्यांचा आवाज आला, "त्या माणसामुळे आपण माणसांत आलो, आणि तू त्याला खाली उतरवणार?"

"तिचा मुलगा गेला हो."

"माहीत आहे. तुला काढायचा तर काढ. पण मला विचारून काढलास असं म्हणू नकोस."

मी स्टुलावर चढले. निळा हार एव्हाना सुकून दोऱ्याला लटकला होता, तो काढला. चौकटीला हात घातला आणि तशीच थांबले. तो फोटो काढला असता तर रूथशी खरं वागले असते, पण आमचं सगळं आयुष्यच त्या सहीवर उभं होतं. निखिल त्या सहीमुळे इथे जन्मला. नुसता फोटो उतरवून मी कुणाला फसवणार होते? मी खाली उतरले. तो महिनाभर मी दिवाणखान्यात जाताना मान खाली घालून गौरीला दिवा लावायचे आणि तशीच परत यायचे.

एकदा मी एकटीच गाडी घेऊन हायवेवर गेले. फुलं संपत आली होती. इथे हायवेचं गवत ब्लूबॉनेटचं बी पडेपर्यंत कापत नाहीत. त्या अध्यक्षांच्या पत्नीला रानफुलांचं वेड होतं, हायवेच्या कडेला फुलं दिसली की लोक तिचंच नाव घेतात. मी उतारावर बसले. उन्हानं शेंगा तडकत होत्या, टक् करून बी उडत होतं. नवऱ्यानं पोरांना युद्धावर धाडलं आणि बायकोनं रस्त्यांना फुलं लावली, एकाच घरात. मला त्या बाईचाही राग आला, आणि मग कीवही आली. तेवढ्या मोठ्या आभाळाखाली आपल्याशी बोलायला एकही माणूस नाही, हे त्या दिवशी मला फार लागलं.

वैशाख लागला त्या आठवड्यात टपालात निखिलच्या नावानं एक सरकारी पाकीट आलं. मी उघडलं. आत एक कार्ड. अठरा वर्षं पूर्ण झाल्यामुळे, देशाला गरज पडली तर बोलावता यावं म्हणून, त्याचं नाव नोंदवून घेतलं होतं. मी त्याला फोन केला.

"आई, रिलॅक्स. इट्स जस्ट अ फॉर्म. सगळे करतात. कॉलेजला लागतं ते."

"पण तुला बोलावलं तर?"

"नोबडी इज कॉलिंग एनीबडी, आई. माझा क्लास आहे, बाय."

पायांत सपाता तशाच, कार्ड हातात, मी फाटकातून रूथच्या दारात गेले. माफी मागायला महिनाभर घोकलेल्या इंग्रजीतला त्या क्षणी एकही शब्द आठवला नाही. दार उघडलं तेव्हा मी नुसतं कार्ड पुढे केलं.

तिनं चष्मा लावून वाचलं. निखिलचं नाव बोटानं हळूहळू चाचपलं. "टॉमीचंही असंच आलं होतं," ती म्हणाली. "मी ते फ्रिजवर लावलं होतं. डेंटिस्टच्या अपॉइंटमेंटशेजारी."

आम्ही तिच्या पायरीवर बसलो. उठताना ती म्हणाली, "तुझ्या त्या फोटोतल्या माणसाचं सरकारी कार्ड दाखवून मी डोळा करून घेतला, आणि सही करताना त्याला मनात शिव्या दिल्या. तुला काय वाटलं, मला ते सोपं जातं?"

अक्षय्य तृतीयेला सकाळी मागचं दार वाजलं. रूथ होती. हातात माझा एक डबा. मी झाकण उघडलं. आत, तिच्या इस्त्री केलेल्या रुमालात गुंडाळलेला एक फोटो होता. गणवेश, आखूड केस, आईसारखेच पुढे आलेले दात.

"तो तुझा माणूस भिंतीवरून काढू नकोस," ती म्हणाली. "तो नाहीसा झालेला मला नकोय. टॉमीला त्याच्या समोरच्या भिंतीवर लाव. रोज बघू दे त्याला."

मी मान हलवली.

"आणि हार ह्याला," रूथ म्हणाली.

हातोडी तिनंच मारली. मग गौरीपुढे बसली, एका बोटानं झोपाळा हलवला. "आज जाणार ना ही?"

"आज."

"जा बाई," ती गौरीला टेक्ससच्या इंग्रजीत म्हणाली, "पण परत ये."

गणपतीच्या सुमारास हे घरी आले. बॅग हातातच, दिवाणखान्यात दोन्ही भिंतींकडे आळीपाळीनं बघत राहिले. मी भांडायच्या तयारीनं पदर खोचला होता. ह्यांनी विचारलं, "वय?"

"एकोणीस."

ह्यांनी बूट काढले, स्टुलावर चढले, अध्यक्षांच्या गळ्यातला चंदनाचा हार काढला, खिशातल्या रुमालानं पुसला आणि टॉमीच्या फोटोला घातला. "चहा टाक," म्हणाले.

ह्यांना जाऊनही आता पाच वर्षं झाली. ह्यांचा फोटो अध्यक्षांच्या शेजारी आहे. दोघांना समोर टॉमी दिसतो. रूथ शेवटी भाचीकडे, दूर लबकला गेली, तिथेच वारली. जाताना मी बेसनाच्या लाडवांचा डबा दिला होता. तो तिच्याकडेच राहिला.

परवा फुलांतून परतताना निखिल-ईरा मला सोडायला घरी आले. ईराच्या फ्रॉकला चिकटून चार ब्लूबॉनेट आली होती. मी म्हटलं, आण इकडे, आणि त्यांचाच एवढासा हार केला. सुई निखिलनं ओवून दिली.

ईरा हार घेऊन टॉमीच्या भिंतीसमोर उभी राहिली. "आजी, आजोबांना का नाही? हू इज ही? इज ही फॅमिली?"

निखिल माझ्याकडे बघत होता. मला पटकन नातं सापडेना.

"त्याची आई आपल्याकडे मागच्या दारानं यायची," मी म्हटलं.

ईरानं जरा विचार केला. "ओके," म्हणाली आणि सोफ्यावर चढून हार घातला.

ती दोघं गेली. निघताना निखिल नेहमीसारखा रागावला, "आई, यू हॅव टू लॉक द बॅक डोअर. आणि अलार्म लावत जा." लावते मी. वर्षभर लावते. चैत्रात नाही लावत.